‘ही पियानोचे क्लास घेते’

आदरणीय ताई,

मी ३१ वर्षांची आहे. माहेर बडोद्याच्या दांडिया बाजारात, सासर तिथल्याच अकोट्याला. सहाव्या वर्षी पियानो सुरू केला, सतराव्या वर्षी पियानोच्या परीक्षांची शेवटची, आठवी ग्रेड झाली. बी.कॉम. बडोद्यालाच केलं आणि ती तीन वर्षं दर दुसऱ्या शनिवारी गाडीने मुंबईला जाऊन शिकले. पुढे कर्ज काढून दोन वर्षं परदेशात संगीत महाविद्यालयात होते. २०२० मध्ये परत आले. आज माझ्याकडे २३ मुलं येतात, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास. महिन्याला प्रत्येकी १,८०० रुपये. क्लास चांगला चाललाय. पण लोकांसमोर मी शेवटचं वाजवलं २०२१ च्या डिसेंबरात. रोज स्वतःसाठी जेमतेम वीस मिनिटं बसते, तीही मुलांच्या परीक्षेचे तुकडे वाजवून बघण्यात जातात.

जूनमध्ये नणंदेच्या लग्नात कुणीतरी माझी ओळख करून दिली, ‘ही पियानोचे क्लास घेते.’ त्यात खोटं काहीच नव्हतं. तरी मी आतल्या खोलीत जाऊन रडले.

आता एका मोठ्या शाळेत संगीत शिक्षिकेची पूर्णवेळ नोकरी चालून आली आहे, पगार ४५,०००. आई म्हणते घे. नवरा म्हणतो, तुला पटेल ते कर. सासरे प्रेमाने म्हणतात, एखादा यमन वाजव की. मी नोकरी धरू, मुंबईला जाऊन पुन्हा प्रयत्न करू, की आपल्याला पियानोवादक व्हायचं होतं हे विसरून क्लासच नीट चालवू? आणखी एक, पावसाळ्यात माझ्या पियानोच्या दोन पट्ट्या अडकतात. त्याचंही काही सांगता आलं तर सांगा.

– सूरसागरच्या बाजूची एक

अगं,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. नोकरी, मुंबई, क्लास असे तीन रस्ते तू मांडलेस, पण माझं लक्ष त्या वीस मिनिटांवर अडलं. त्याच्याकडे येतेच. आधी कडू आहे ते सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल.

जगभरच्या ऑर्केस्ट्रांबरोबर वाजवत फिरायचं आणि त्यावरच पोट भरायचं, हा रस्ता तुझ्यासाठी आता उरलेला नाही. पोलंडमध्ये वॉर्सातली शोपाँ पियानो स्पर्धा पाच वर्षांनी एकदा होते आणि तिची वयोमर्यादा तिशीची आहे. बाकीच्या मोठ्या स्पर्धाही साधारण तिशीलाच दार लावतात. त्या जिंकलेल्या सगळ्यांनासुद्धा आयुष्यभर मैफली मिळतात असं नाही. आपल्या देशात व्यावसायिक म्हणावा असा सिम्फनी ऑर्केस्ट्रा एकच, मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. तोही २००६ साली उभा राहिला, आणि त्याच्यापुढे बसून एकल वाजवायला येणारे बहुतेक बाहेरदेशातून येतात. म्हणजे ‘मुंबईला जाऊन प्रयत्न’ याचा खरा अर्थ काय होईल, ते नीट डोळ्यांसमोर आण. उपनगरात भाड्याची खोली, त्यात कसाबसा बसवलेला पियानो, आणि ते भाडं फेडायला इथल्या २३ मुलांच्या जागी तिथली चाळीस. मुंबईतले उत्तमातले उत्तम पियानोवादकही शिकवण्यावरच जगतात. मुंबईला तू जरूर जा, पण राहायला नको. कशाला जायचं ते पुढे सांगते.

हे वाचून पुन्हा आतल्या खोलीत जाऊ नकोस. कारण पियानोवादक म्हणजे विमानातून उतरून थेट स्टेजवर जाणारा माणूस, ही कल्पनाच मुळात फार थोड्यांच्या बाबतीत खरी होती. ज्याच्या नावाची ती स्पर्धा, त्या संगीतकार शोपाँचंच बघ. १८३१ मध्ये तो पॅरिसला आला आणि त्याचं घर चाललं ते शिकवण्यावर. हंगामात दिवसाला चार-पाच शिकवण्या, एका तासाचे वीस फ्रँक. उभ्या आयुष्यात त्याच्या जाहीर मैफली झाल्या तीसच्या आसपास. बाकी सगळं वाजवणं लोकांच्या दिवाणखान्यात, चाळीस-पन्नास माणसांसमोर. आपण त्याला बैठक म्हणतो. त्याच काळातला पियानोवादक लिस्ट, त्याने १८४७ मध्ये, पस्तिशीत, पैसे घेऊन मैफली करणं थांबवलं आणि पुढे कितीतरी जणांना फी न घेता शिकवलं. पियानोवादक क्लारा शूमान १८७८ पासून फ्रँकफर्टच्या संगीतशाळेत शिकवत होती आणि त्याच काळात मैफलीही करत होती, थेट १८९१ पर्यंत. आठ मुलांची आई होती ती.

आणि झेर्नी! ज्याचे व्यायाम तुझी मुलं तोंडं वाकडी करत वाजवत असतील तोच. तो बेथोवनचा शिष्य. लोकांसमोर फार कमी बसला, शिकवलं मात्र आयुष्यभर. त्याच्याकडे लिस्ट शिकला, लेशेटिझ्की शिकला. लेशेटिझ्कीकडे श्नाबेल, श्नाबेलकडे अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर. बेथोवनपासून आपल्या काळापर्यंत पाच नावांत पोचलो आपण. याला दुसरं काय म्हणायचं, घराणंच की. आणि या साखळीतला एक दुवा असा, की त्याची ओळख कुणी करून दिली असती तर ‘हे पियानोचे क्लास घेतात’ अशीच करून दिली असती.

तू बडोद्याची आहेस म्हणून आणखी एक आठवण करून देते. भास्करबुवा बखले बडोदा संस्थानातल्या कठोर नावाच्या गावचे, १८६९ चा जन्म. बडोद्यात फैज महंमद खाँसाहेबांकडे शिकले, पुढे नत्थनखाँ, अल्लादियाखाँ. एवढी मोठी गायकी असलेला माणूस, पण त्यांचं नाव निघालं की लगेच बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव या शिष्यांची नावं येतात. आपल्याकडे बुवांना कुणी विचारलं नाही, की तुम्ही गवई का शिकवणारे. ही फाळणी आपल्या संगीतातली नाहीच. तुला ती कुठून चिकटली ते मला माहीत आहे, कारण मलाही ती तिथूनच चिकटली होती. परदेशी संगीतशाळेत वर्गावर्गांतून फिरताना जी ऐकू येते, की ज्याला वाजवता येत नाही तो शिकवतो, ती ही भाषा. ती तिथेच ठेवून यायला हवी होतीस.

सूरसागरच्या बाजूची म्हणून सही केलीस, तर त्या तलावाच्या काठावरची संगीतशाळा तू रोज बघतेस. महाराज सयाजीरावांनी ती १८८६ मध्ये गवई मौलाबक्षांच्या हाती सुरू केली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत बनवली होती. संस्थानच्या बँडवर फ्रेडिलिस नावाचे युरोपीय बँडमास्तर होते, त्यांनी इथली गाणी स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य पाच रेघांच्या लिपीत, उतरवली. भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ मध्ये भरली तीही इथेच. तेव्हा पाच रेघांवरचं संगीत या गावाला परकं नाही. परकं वाटतंय ते तुलाच, कारण इथे तू ते कुणाला ऐकवत नाहीस.

आता त्या वीस मिनिटांकडे येते.

१९८८ मध्ये मुंबईत माझी मैफल होती. मी तिशीच्या आतच होते. दुसऱ्या तुकड्याच्या मधोमध मला पुढचं आठवेना. हात थांबले. मागे गेले, पुन्हा तिथेच येऊन अडकले. तिसऱ्यांदा शेवटच्या पानावर उडी मारून कसंतरी संपवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या मला अजून ऐकू येतात. बडोद्याला परत आले आणि सगळ्यांना सांगायला लागले, की मी आता शिकवण्यावर लक्ष देणार. नऊ वर्षं सांगत होते. ते लपणं होतं, पण तसं मला वाटलं नाही. मुलं येत होती, निकाल चांगले लागत होते.

मग माझा एक विद्यार्थी, सातव्या ग्रेडचा, हुशार पोर, परीक्षेत मधेच अडकला आणि थेट सुरुवातीला गेला. पुन्हा तिथेच अडकला, पुन्हा सुरुवातीला. दाराबाहेर बसून मी ते ऐकत होते. अडकल्यावर काय करायचं हे मी त्याला शिकवलंच नव्हतं. तुकड्यात तालाच्या दर आठ-दहा मापांवर एक थांबा ठरवायचा असतो, डोळे मिटून तिथून उचलता आलं पाहिजे, डावा हात एकटा तिथून सुरू करता आला पाहिजे. मधे सांडलं तर मागे न जाता पुढचा थांबा पकडायचा. नेमाने स्टेजवर बसणाऱ्या माणसाच्या अंगात हे असतं. मी नऊ वर्षं बसले नव्हते, म्हणून माझ्या शिकवण्यातून ते गळून गेलं होतं. काय गळलंय हेही मला कळलं नव्हतं. त्या पोराने माझ्या वाटचा दंड भरला.

म्हणून तुझ्या पत्रातलं सगळ्यात गंभीर वाक्य मला ते वीस मिनिटांचं वाटतं. शिकवणं ही तुझी हार नाही. पण न वाजवता शिकवत राहिलीस तर दोन-चार वर्षांत शिकवणंही पातळ होईल, आणि ते तुझ्याआधी मुलांच्या हातांना कळेल.

तेव्हा नोकरी. माझं मत स्पष्ट आहे, पूर्णवेळ घेऊ नकोस. पगार वाईट नाही, कामही हलकं नाही. पण शाळा सकाळची असते, आणि तुझ्याकडे रियाजाला उरलेली वेळ सकाळचीच आहे. दुपारनंतर क्लास. म्हणजे ती वीस मिनिटंसुद्धा जातील, आणि स्नेहसंमेलनाच्या दोन महिने आधी तर तुला श्वास घ्यायला फुरसत मिळणार नाही. आठवड्याचे दोन दिवस द्यायला शाळा तयार असेल तर विचार कर. नसेल तर नमस्कार करून बाहेर पड.

पैशाचं गणित मी मांडून पाहिलं. २३ मुलं, १,८०० रुपये, म्हणजे ४१,४००. त्यासाठी तू आठवड्याला २३ तास शिकवतेस. त्याऐवजी प्रत्येकाला आठवड्यातून एकदाच, पण सलग पाऊण तास, आणि फी २,५००. काही पालक कुरकुर करतील, पाचेक जण जातील असं धर. १८ उरले तरी ४५,००० होतात, शाळेच्या पगाराइतकेच, आणि शिकवण्याचे तास साडेतेरावर येतात. आठवड्याला साडेनऊ तास मोकळे झाले. पालकांना सांगताना ओशाळू नकोस. अर्ध्या तासात मुलाचे हात गरम होईपर्यंत वेळ संपते, हे खरं कारण आहे आणि तेच सांग. शिवाय महिन्यातून एका रविवारी सगळ्या मुलांना एकत्र बसव, एकमेकांना ऐकवू दे. तू शेवटी वाजवायचंस. ही तुझी पहिली श्रोतेमंडळी. फी महिन्याच्या सुरुवातीला घ्यायची, आणि आयत्या वेळी बुडवलेला तास भरून द्यायचा नाही, हेही एकदाच लेखी कळवून टाक. आपल्याकडच्या बायका या बाबतीत फार मऊ पडतात. मीही वर्षानुवर्षं पडले आणि मोकळ्या खुर्च्यांकडे बघत संध्याकाळी काढल्या.

आणखी एक वेळ तुझ्या हाताशी आहे, तिकडे तुझं लक्ष गेलं नसेल. नवरात्रात बडोद्यात क्लासला कोण येतं? पोरं रात्री दोनपर्यंत गरब्याला, सकाळी झोपलेली. त्या नऊ दिवसांत सरळ सुट्टी जाहीर कर. ते नऊ दिवस तुझे, त्यात दुसरं काही ठेवू नकोस.

रियाज मात्र एकदम तीन-चार तासांवर नेऊ नकोस. हे कळकळीने सांगते. वर फ्लायशरचं नाव आलं ना? १९६४ मध्ये, छत्तिशीत, त्याच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळायला लागली आणि हात वाजवण्यापुरता गेला. पुढे तीसेक वर्षं तो डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत वाजवत राहिला, ऑर्केस्ट्रा चालवत राहिला, आणि शिकवत राहिला. नव्वदच्या दशकात उपचारांनी दोन्ही हातांवर परत आला. त्याचा आजार वेगळा, तो सगळ्यांना होतो असं नाही. पण तीन-चार वर्षं हलक्या तुकड्यांवर राहिलेले हात एकदम जड कामाला जुंपले तर मनगट आणि कोपर सुजतातच. पहिले पंधरा दिवस पंचवीस-पंचवीस मिनिटं, दोनदा. मधे उठायचं, हात सैल सोडायचे. महिन्याभरात दीड तास, सहा आठवड्यांनी दोन तास. त्याच्या पुढे जायची तुला सध्या गरज नाही. दुखलं तर त्या दिवशी झाकण लावायचं. फोन दुसऱ्या खोलीत. आणि या वेळात मुलांच्या ग्रेडचा एकही तुकडा पियानोवर ठेवायचा नाही.

नाही, थांब. इथे मी जरा घाईने बोलले. एक ठेवायचा. कारण तुझ्या पहिल्या कार्यक्रमासाठी मी तेच सुचवणार आहे.

बाखची दोन आवाजांची इन्व्हेन्शन्स, म्हणजे दोन हातांत दोन स्वतंत्र सुरावटी चालणारे छोटे तुकडे. पंधरा आहेत. पाचव्या-सहाव्या ग्रेडला आली की मुलं ती परीक्षेपुरती शिकतात आणि विसरतात. बाखने ती आधी आपल्या थोरल्या मुलाच्या वहीत लिहिली आणि १७२३ मध्ये स्वच्छ प्रत केली तेव्हा पहिल्या पानावर हेतूही लिहून ठेवला: शिकणाऱ्याला दोन आवाज स्वच्छ वाजवता यावेत, आणि मुख्य म्हणजे हातातून गाणं यावं. शिकवणीसाठी लिहिलेलं संगीत आहे ते, आणि तीनशे वर्षं झाली तरी कुणाला त्याच्या पलीकडे जाता आलेलं नाही. सगळी सलग वाजवली तर वीस-बावीस मिनिटं. त्याच्या जोडीला क्लाराचा नवरा रॉबर्ट शूमान याचे बालपणावरचे तेरा छोटे तुकडे, १८३८ चे. हे त्याने मुलांनी वाजवावेत म्हणून लिहिले नाहीत. मोठ्या माणसाला आपलं लहानपण आठवतं तसे ते आहेत. अठराएक मिनिटांत होतात. एकूण चाळीस मिनिटं, मध्यंतर नको. तुझ्या मुलांनी त्यातलं एखादं इन्व्हेन्शन स्वतः घासलेलं असेल. आपल्या बाईंच्या हातून तेच येताना ऐकलं की त्यांना जे कळेल ते तुझ्या शंभर सूचनांनी कळणार नाही.

२०२१ ला काय वाजवलंस ते तू लिहिलं नाहीस. जे काही मोठं असेल ते आत्ता उकरू नकोस. जुन्या तुकड्यात जुन्या चुकाही तशाच मुरलेल्या असतात.

पाठ वाजवायचं की समोर वही ठेवून? जे तुला निर्धास्त करेल ते. पाठ वाजवण्याची रीत क्लारा शूमान आणि लिस्ट यांच्या काळात रुजली, तो काही संगीताचा नियम नाही. रिख्टरसारखा थोर पियानोवादक उतारवयात अंधाऱ्या सभागृहात छोटा दिवा लावून वही बघून वाजवायचा. हे मला १९८८ मध्ये कुणी सांगितलं असतं तर माझी नऊ वर्षं वाचली असती.

जागा. मोठं नाट्यगृह घेऊ नकोस. मी इथे कार्यक्रम केले तेव्हा पियानो दरवेळी बाहेरून आणावा लागला, आणि त्यात जेवढी शक्ती गेली तेवढी वाजवण्यात गेली असती तर बरं झालं असतं. भिंतीशी उभा राहणारा छोटा, अपराइट पियानोसुद्धा दोनशे-अडीचशे किलोचा असतो, हलवला की पुन्हा सूर लावावे लागतात. जिथे पियानो आधीपासून आहे अशी जागा बघ: एखादं घर, एखादी संस्था, नाहीतर तुझाच दिवाणखाना. चाळीस खुर्च्या पुरेत. तिकीट ठेव, अगदी १०० रुपये का होईना. फुकट बोलावलेली माणसं उशिरा येतात आणि लहान मुलं घेऊन लवकर उठतात. सुरुवातीला पाच मिनिटं मराठीत बोल, हे कुणी लिहिलं, कशासाठी, काय ऐकायचं. आपले लोक अनोळखी संगीताला घाबरत नाहीत. कुणी बोट धरून नेलं तर अखेरपर्यंत बसतात.

मुंबईला जायचं ते इथे. चार वर्षं तुझ्यावर कुणाचा कान नाही. दोन महिन्यांतून एकदा सकाळच्या गाडीने जा, तुझ्या जुन्या शिक्षकांपुढे बस, शिव्या खा, रात्री परत ये. पूर्वी दर दुसऱ्या शनिवारी जात होतीस, आता वर्षातून सहा वेळा जमेल. वर्गात दिवसभर आपणच बरोबर असतो, त्याचा कानावर परिणाम होतो गं.

व्हिएतनामची एक गोष्ट मला फार धीर देते, ती तुलाही सांगते. दांग थाय सोन हा १९८० साली वॉर्सातली ती शोपाँ स्पर्धा जिंकणारा पहिला आशियाई. त्याचं लहानपण युद्धात गेलं. हनोईवर बॉम्ब पडत होते म्हणून संगीतशाळा खेड्यात हलवलेली. शिकवलं त्याला त्याच्या आईने. थाय थी लिएन त्यांचं नाव, त्या स्वतः पियानोवादक आणि शिक्षिका. २०२३ मध्ये वारल्या तेव्हा शंभरी ओलांडलेली होती. मुलगा जगभर वाजवत फिरला आणि मग तोही शिकवायला बसला. २०२१ मध्ये तीच स्पर्धा ब्रूस लियू जिंकला, तो याचा विद्यार्थी. या तिघांत वाजवणारं कोण आणि शिकवणारं कोण, ते वेगळं काढायला मला जमलेलं नाही.

सासऱ्यांचा यमन. पियानोला मींड नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही; पट्टी दाबली की सूर जागच्या जागी उमटतो आणि विरतो. त्यामुळे आलापी त्यावर बसत नाही, हे तू त्यांना समजावत बसू नकोस. एखादी मध्यलयीची बंदिश घे, डाव्या हातात नुसता सा-प धर, आणि संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांना वाजवून दाखव. यात तुझ्या शास्त्राचा काही अपमान होत नाही. आणि डिसेंबरात तुझ्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत तेच बसणार आहेत.

पट्ट्यांचं. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने पट्टीखालचं लाकूड आणि नमद्याचे बारीक तुकडे फुगतात, म्हणून दाबलेली पट्टी वर यायला वेळ लावते. स्वतः तेल-बिल घालू नकोस, साबणही घासू नकोस. पियानो बाहेरच्या भिंतीला टेकलेला असेल तर आतल्या भिंतीला घे, एसीचा झोत थेट त्यावर नको. पियानोच्या आत खालच्या बाजूला लावायची विजेची उष्णतेची दांडी मिळते, ती तुझ्या ट्यूनरकडून बसवून घे आणि सप्टेंबरअखेरपर्यंत चालू ठेव. आत सव्वादोनशेच्या वर तारा असतात, सगळ्यांचा ताण मिळून पंधरा-वीस टनांवर जातो, आणि ओल आली-गेली की तो ताण हलतो. म्हणून आत्ता सूर लावून घेण्यात पैसे घालवू नकोस. हवा कोरडी झाली की, ऑक्टोबरच्या शेवटी, एकदा नीट लावून घे. दुसऱ्यांदा मार्चमध्ये.

राहिली लग्नातली ओळख. पुढच्या वेळी कुणी तसं म्हणालं तर दुरुस्त करायला जाऊ नकोस. पिशवीतून कार्यक्रमाची पत्रिका काढून हातात दे.

पण त्यासाठी पत्रिका छापलेली हवी आणि तिच्यावर तारीख हवी. डिसेंबरचा दुसरा किंवा तिसरा शनिवार ठरव, संध्याकाळी साडेसहा. या आठवड्यात ठरव, पहिलं इन्व्हेन्शन हातात बसायची वाट बघू नकोस. जागा नक्की झाली की मला कळव आणि दाराजवळची एक खुर्ची माझ्यासाठी ठेव. शक्यतो तळमजल्यावरची जागा बघ, मला आता जिना चढवत नाही.

– तुझी ताई